धान्य दुकानात, टोळी फडावर: सोलापूर जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण २०२३-२४ च्या गाळप हंगामातलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या भीमाकाठच्या एका तालुक्यात बीड जिल्ह्यातल्या धारूरकडून आलेली ऊसतोड टोळी आणि तिचं रेशन, एवढाच त्याचा आवाका. माणसं, गाव, कारखाना आणि कार्यालय ओळखू येऊ नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. घेतलेले निर्णय मात्र जसे घेतले तसेच मांडले आहेत. रेशन पोर्टेबिलिटीची, म्हणजे आपल्या कार्डावर दुसऱ्या ठिकाणच्या दुकानातून धान्य घेण्याच्या सोयीची, चर्चा झाली की बिहारमधून मुंबईला किंवा सुरतेला गेलेला कामगार डोळ्यांपुढे येतो. राज्याची हद्द न ओलांडता पाच-सहा महिने घर सोडून राहणाऱ्यांचं काय होतं, हे त्यामानाने कुणी लिहून ठेवत नाही.

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. राज्यात दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात एवढे नाहीत. उजनी आणि नीरेच्या पाण्यावर पंढरपूर, माळशिरस, माढा भागात ऊस वाढला, पण तो तोडायला माणसं येतात ती बरीचशी बीड जिल्ह्यातून. जिल्ह्याचा दुसरा, कोरडवाहू पट्टा म्हणजे सांगोला-मंगळवेढ्याकडचा भाग. तिथली माणसं कामासाठी बाहेर जातात. म्हणजे मजूर बोलावणारा आणि मजूर पाठवणारा असा हा एकच जिल्हा आहे. त्या वर्षी तर ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा यादीत बीडचे धारूर, वडवणी, अंबाजोगाई होते आणि सोलापूरचे माळशिरस, माढा, सांगोला, करमाळा, बार्शीही होते. जिथून निघाले तिथे दुष्काळ, जिथे आले तिथेही दुष्काळ.

दिवाळी उरकून टोळी आली. चाळीसेक कोप्यांचा (झोपड्यांचा) तळ ओढ्याच्या कडेला पडला. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे मुकादमाने (टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराने) आधीच दिलेली उचल. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. मधल्या दिवसांत किराण्यासाठी मुकादम खर्ची देतो, तीही खात्यावर चढते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तिचा आनंद होताच. पण उचलीच्या हिशेबात ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, कळणार होती. रोजच्या पिठामिठाला तिचा उपयोग नव्हता.

ज्या कुटुंबापासून हे सगळं सुरू झालं त्यातल्या बाईंना आम्ही, म्हणजे तळावर काम करणारा आमचा कार्यकर्त्यांचा गट, मावशी म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. मावशी, त्यांचे मालक, बारा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा धाकटा असे चौघे तळावर होते. मुलगी आली होती ती धाकट्याला सांभाळायला. गावाकडे सासू आणि नऊ वर्षांचा मुलगा राहिले, कारण मुलाची शाळा आणि सासूचे गुडघे दोन्ही फडावर चालणारे नव्हते. कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंबाचं, त्यावर सहा नावं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला ३० किलो गहू-तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तो फुकट.

कायद्याची चौकट कागदावर बरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात या जोडीत पोर्टेबिलिटीची सुरुवात झाली, आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ३१ जुलैपर्यंत 'एक देश, एक रेशन कार्ड' लागू करायला सांगितलं. राज्यातल्या राज्यात तर कुठल्याही दुकानातून धान्य घेता आलंच पाहिजे. पण १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य कामगारांपुरता होता. बीडहून सोलापूरला आलेला माणूस त्यात बसत नव्हता. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्याचं ओळखपत्र गावाकडच्या ग्रामसेवकाकडून मिळतं. रेशनचं काम बघणाऱ्या इथल्या पुरवठा शाखेला त्याचं काही देणंघेणं नाही.

अडचण नेमकी काय होती

मावशी पहिल्यांदा तळापासून तीन-चार किलोमीटरवरच्या रास्त भाव दुकानात गेल्या तेव्हा दुकान बंद होतं. फडावरून सुटायला दुपार होते, मग गाडी भरायची असते. दुकान उघडं असायची वेळ आणि यांची मोकळी वेळ कधी जुळतच नाही. दुसऱ्या खेपेला दुकान उघडं मिळालं. दुकानदाराने कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला, मशीनवर सहाही नावं आली. म्हणजे पोर्टेबिलिटी चालत होती. मग अंगठा.

पाचटाची धार कशी असते हे ऊस न तोडलेल्याला सांगून कळत नाही. महिनाभरात बोटांची टोकं सोललेली असतात, भेगांत चीक आणि माती बसलेली, उजव्या तळव्यावर कोयत्याच्या मुठीचे घट्टे. मावशींनी अंगठा पदराला पुसून लावला, मग तर्जनी, मग मधलं बोट. "उठंना ओ," म्हणाल्या. दुकानदाराने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. असे अंगठे त्याला नवे नव्हते. तेल लावून, पुसून पुन्हा लावला, तरी नाही. ओटीपीचा पर्याय होता, पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुकादमाचा होता. आधार केंद्रावर त्याने सगळ्यांना एकाच दिवशी गाडीतून नेलं होतं आणि फॉर्मवर आपलाच नंबर टाकला होता.

मालकांचा अंगठा उमटला असता, पण ते यायचे तर एक दिवसाची तोडणी बुडणार, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. ते आठवड्याने आले, अंगठा उमटला, आणि दुकानदार म्हणाला, "धान्य संपलंय."

इथे दुकानदाराची बाजू ऐकून घ्यायला हवी. त्याला दर महिन्याला धान्य येतं ते त्याच्या दुकानाला जोडलेल्या कार्डांच्या हिशेबाने. बाहेरच्या कार्डावर धान्य दिलं की व्यवहार मशीनवर नोंदला जातो आणि ते पुढच्या नियतनात (दुकानाला ठरवून दिलेल्या धान्याच्या कोट्यात) भरून यावं अशी रचना आहे. त्याच्या अनुभवात ते उशिरा आणि अपुरं आलं होतं. क्विंटलमागे तेव्हा १५० रुपये कमिशन. त्यासाठी गावाशी वाकडं कोण घेईल? "ताई, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. पण महिन्याच्या शेवटी माझ्याच गावची म्हातारी पिशवी घेऊन आली, की तिला काय सांगू? दिल्लीहून नियम आलाय म्हणून सांगू?" हे त्याचं बोलणं आम्हाला बनवाबनवीचं वाटलं नाही. टोळ्या येतात त्या चार-पाच महिन्यांत अशा दुकानावरचा भार एकदम वाढतो, आणि त्याची पूर्वसूचना नियतन ठरवणाऱ्याला कुणी देत नाही.

दरम्यान तळावरचा किराणा मुकादमाच्या ओळखीच्या दुकानातून उधारीवर चालू होता. तिथे पीठ आणि तांदूळ बाजारभावापेक्षा महाग मिळायचे, आणि उचलीचा बोजा रोज थोडा वाढत होता. फुकटचं धान्य न मिळणं हा कर्जाचा प्रश्नही होतो, हे इथे उघड दिसत होतं.

समोर असलेले पर्याय

तळावर बैठक झाली. बैठक म्हणजे रात्री चुलीजवळ, भाकरी थापता थापता झालेलं बोलणं. पाच गोष्टी पुढे आल्या.

सासूने गावाकडे सगळं धान्य उचलावं आणि चौघांचा वाटा कुणाबरोबर तरी पाठवावा, ही मालकांची सूचना. गावाकडून ये-जा करणारं कुणी नव्हतं, आणि वीस किलोचं पोतं गुडघे धरलेल्या बाईने एसटी स्टँडपर्यंत न्यायचं कसं?

सगळे तीस किलो इथेच उचलायचे, ही तळावरच्या बऱ्याच जणांची इच्छा. सोपं होतं, फक्त मागे राहिलेल्यांच्या तोंडचं काढून घ्यावं लागलं असतं.

इथेच नवं कार्ड काढायचं, असं एका तरुणाने सुचवलं. त्यासाठी गावाकडच्या कार्डातून नावं कमी करावी लागली असती, आणि इथे प्राधान्य यादीत जागा मिळेल याची खात्री नव्हती. या कायद्याखाली राज्यात साधारण ७ कोटी लोकांची कमाल मर्यादा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. यादीतून एकदा बाहेर पडलेला माणूस परत आत येईलच असं नाही. हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

चौथा पर्याय कारखान्याकडून आला. शिधावाटपाचा कार्यक्रम घेऊ, पाच किलो पीठ, तेल, डाळ, साखर असा संच देऊ, असा निरोप आला. लोकांना तो हवा होता आणि त्यांनी तो घेतलाही. नको म्हणायला सांगणारे आम्ही कोण? फोटो निघाले, बातमी आली. मात्र त्यानंतर पुरवठा शाखेत गेलो की "कारखान्याने दिलंय ना?" हे ऐकावं लागलं. एकदाच मिळालेल्या मदतीने दरमहाच्या हक्काचा दावा कसा पातळ होतो, याचं एवढं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

पाचवा पर्याय आम्ही निवडला. प्रत्येक कार्डावरचं धान्य वाटून घ्यायचं, तळावरच्यांचा वाटा इथे आणि गावाकडच्यांचा तिथे, आणि त्यासाठी इथल्या दुकानाला हंगामापुरतं जादा नियतन मिळवायचं.

काय केलं

पहिला निर्णय दुकानदाराबद्दलचा होता. गटातल्या तरुण कार्यकर्तीचं म्हणणं सरळ होतं: रेशनच्या १९६७ या हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार नोंदवा, धान्य नाकारणं बेकायदेशीर आहे. ज्येष्ठांचं मत वेगळं पडलं. तक्रार झाली तर चौकशी लागेल, चौकशी संपेपर्यंत पट्टा पडेल, आणि दुकानदार उरलेला हंगाम दार लावून बसेल. शेवटी तक्रार न करता त्यालाच बरोबर घेऊन तहसीलला जायचं ठरलं. तो आला, आणि त्याच्या येण्याने फरक पडला. पुरवठा निरीक्षकासमोर त्याने स्वतःच मशीनवरचे व्यवहार दाखवले आणि म्हणाला, "द्यायला मी तयार आहे साहेब, माल द्या."

त्याआधी तळावरच्या सगळ्या कार्डांची यादी केली होती. हे काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. बऱ्याच जणांची कार्डं गावाकडे पेटीत होती, तेव्हा नंबर फोनवरून मागवले. काहींच्या कार्डावर एखाद्या मुलाचं आधार जोडलेलं नव्हतं. सगळ्यात अवघड निघाल्या त्या तळावरच्या तीन-चार नव्या सुना: माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढलेलं नाही. त्यांच्या नावावर कुठेच काही मिळत नव्हतं.

यादी, दुकानदाराचा अर्ज आणि कारखान्याच्या शेती विभागाचं टोळी इथे असल्याचं पत्र, असे तीन कागद एकत्र गेले. पत्र मिळवायला गट कार्यालयात (कारखाना ऊसक्षेत्राचे गट पाडतो, त्यातल्या एकाच्या कार्यालयात) पुष्कळ बसावं लागलं; मजुरांच्या नावाने कागद दिला तर पुढे जबाबदारी अंगावर येईल अशी तिथल्या माणसाला भीती होती. शेवटी 'या कार्यक्षेत्रात तोडणीसाठी टोळी कार्यरत आहे' एवढंच एक वाक्य त्याने लिहून दिलं. तेवढं पुरलं.

वेळेचा प्रश्न दुकानदारानेच सोडवला. आठवडी बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते आणि टोळी गावात येतेच, तेव्हा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दुकान उघडं ठेवायचं ठरलं. अंगठा न उमटणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे स्वतःचा फोन होता त्यांचे नंबर आधारला जोडून घेतले. उरलेल्यांच्या घरातला दुसरा कुणीतरी आला. मावशींच्या घरात तो दुसरा माणूस म्हणजे बारा वर्षांची मुलगी. तिचा अंगठा लख्ख उमटायचा. ती शाळेत नव्हती म्हणून ती मोकळी होती, आणि ती मोकळी होती म्हणून घरात रेशन आलं. या सोयीबद्दल आमच्यात कुणालाच बरं वाटलं नाही, तरी त्या महिन्यात आम्ही ती वापरली.

काय झालं

जानेवारीत पहिल्यांदा धान्य मिळालं, आणि त्याच महिन्यात घोटाळा झाला. मशीनवर किलो कमी टाकता येतात, तसे वीसच टाकायचे ठरलं होतं. गर्दीत दुकानात बसलेल्या पोराने सवयीने सगळे तीस टाकले आणि मोजूनही दिले. मुलगी खूश होऊन तळावर आली. चार दिवसांनी गावाकडून फोन आला: सासू पिशवी घेऊन दुकानात गेल्या, तिथल्या दुकानदाराने सांगितलं, "तुमचं धान्य उचललं गेलंय." त्यांनी शेजारणीकडून पायलीभर ज्वारी उसनी घेतली, नातवाला दुपारी शाळेत खिचडी होती म्हणून निभावलं. मावशी त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून किती किलो हवेत ते आकडे वहीच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि पावतीवर तेवढेच आलेत का ते बघूनच पोतं उचलायचं, असं ठरवलं. फेब्रुवारीत वाटणी नीट झाली: इथे वीस, गावाकडे दहा.

जादा नियतन फेब्रुवारीत दुकानात पोचलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात टोळी हलली. त्या बाजूचा ऊस संपला होता, कारखान्याने टोळीला तीसेक किलोमीटरवर, शेजारच्या तालुक्यातल्या गटात पाठवलं. जादा धान्य जुन्या दुकानात पडून राहिलं. नव्या तळाजवळच्या दुकानात पुन्हा तेच उत्तर मिळालं, आणि तिथली तहसीलही वेगळी होती. काही जणांनी जुन्या दुकानापर्यंत मोटारसायकलने जाऊन धान्य आणलं, पेट्रोलचा खर्च धरून. बहुतेकांनी मार्च उधारीवरच काढला.

म्हणजे पाच महिन्यांच्या हंगामात धड रेशन मिळालं ते दोन महिने. शून्यापेक्षा बरं, आणि उधारी काही कोप्यांत खरोखर कमी झाली. पण एवढ्या धावपळीच्या मानाने ते थोडंच म्हणावं लागेल.

तक्रार न करण्याच्या निर्णयाची किंमत नंतर कळली. पुढचा हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाला, तोवर पुरवठा निरीक्षकाची बदली झाली होती. नव्या माणसाला अडचण आल्याचा एकही कागद दाखवता आला नाही, कारण सगळं समजुतीने झालं होतं. दुकानदाराचा अर्ज होता, पण धान्य नाकारल्याची नोंद नव्हती. म्हणजे नोंदीनुसार अडचण कधी आलीच नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते मुख्य चूक धोरणाच्या पातळीवरची आहे, आणि ती सुधारायला नवा कायदा लागत नाही. कुठली टोळी कुठल्या गटात कधी जाणार, हे कारखान्याच्या शेती विभागाला आधी माहीत असतं. त्यांच्या तोडणी कार्यक्रमाशिवाय गाडी हलत नाही. पुरवठा शाखेला ते कळतं ते दुकानदाराच्या तोंडून, टोळी येऊन गेल्यावर. टोळ्यांची गटवार संख्या दर पंधरवड्याला जिल्हा पुरवठा कार्यालयात पोचली, तर नियतन टोळीच्या मागे धावण्याऐवजी तिच्या आधी पोचेल. नावं नकोत, कार्ड नंबर नकोत, फक्त कोयत्यांची संख्या आणि गाव. कारखान्यांकडून हे मागवण्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाचं आहे, कारण साखर आणि पुरवठा ही दोन खाती आपणहून एकमेकांशी बोलणार नाहीत. जादा धान्य एका दुकानाच्या नावावर टाकण्यापेक्षा तालुक्याच्या गोदामात राखून ठेवलं असतं, तर ते असं अडकून पडलं नसतं. टोळीने तालुका ओलांडला तर काय, हे तेव्हाही जिल्ह्याच्या पातळीवरच सोडवावं लागेल.

आमच्या बाजूने, समजूत आणि तक्रार यांपैकी एकच निवडायला हवं होतं असं नाही. दुकानदाराविरुद्ध न जाता 'नियतन अपुरं' अशी लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करता आली असती, आणि दुकानदाराने तीवर आनंदाने सही केली असती.

नव्या सुनांचा गुंता मात्र कुठल्याच नियतनाने सुटणारा नाही. कार्डात नाव चढवायला माहेरच्या तहसीलचा नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो एकवेळ आणता येतो. पण त्याबरोबर लग्नाचा पुरावा मागितला की तारीख उघडी पडते. आज यांतल्या बऱ्याच जणी अठराच्या वर आहेत, लग्नाच्या वेळी नव्हत्या. कोयता पूर्ण व्हायला जोडी लागते आणि उचल जोडीवर मिळते, म्हणून लग्नं लवकर उरकली जातात. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र देतो तोही ग्रामसेवक आणि गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो तोही ग्रामसेवकच. त्याच्या टेबलावर लग्नाचा कागद ठेवायला घरची माणसं तयार होत नाहीत. तळावरच्या त्या सुनांपैकी एकीचं नाव पुढे चढलं, तिच्याकडे मुलाचा जन्मदाखला होता आणि त्यावर आईचं नाव सासरचं होतं. बाकीच्यांची नावं चढलेली नाहीत.